वाचक विचारतात : दोष कुणाचा आणि कारण कोणते

शाळेत शिकलेल्या विज्ञानामुळे मुलांच्या मनात इतरांविषयी कणव निर्माण होते का, आणि तिच्यातून गावात किंवा वस्तीत काही बदल घडतो का, असा प्रश्न आम्ही मागील अंकात वाचकांसमोर ठेवला होता. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. काही पत्रांत गावातील वादांचा उल्लेख असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : विज्ञान वस्तुनिष्ठ असते आणि तेच त्याचे बळ आहे. दया, करुणा, सेवाभाव हे संस्कारांचे विषय असून त्यांच्यासाठी घर आहे, परिपाठ आहे, मूल्यशिक्षणाचा तास आहे. प्रयोगशाळेत भावना आणल्या तर धड विज्ञानही होणार नाही आणि धड संस्कारही होणार नाहीत. मग हा आग्रह कशासाठी?
— निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील अर्धा भाग आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. तापमापीवरचा आकडा दयाबुद्धीने वाचता येत नाही, आणि हेतू चांगला होता म्हणून प्रकल्पाचा निष्कर्ष बरोबर ठरत नाही. परंतु समाजातील निष्ठुरपणाकडे बारकाईने पाहिले, तर त्यातला बराचसा दुष्टपणातून आलेला नसून चुकीच्या कारणमीमांसेतून आलेला आढळतो. तिसरीही मुलगीच झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे कुणालाच ठाऊक नसते, किंवा ठाऊक असले तरी कुणी उच्चारत नाही, की स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असते आणि मुलगा होणार की मुलगी हे पुरुषबीजात एक्स आहे की वाय यावरून ठरते. दहावीपर्यंतच्या जीवशास्त्रात हे वाक्य येते, मुले ते परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. मात्र ज्या आईला आयुष्यभर ऐकून घ्यावे लागले, तिच्याशी त्या वाक्याचा संबंध आहे हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. सातपुड्याच्या काही भागांत बालक न्यूमोनियाने किंवा अतिसाराने दगावते आणि ‘डाकीण’ ठरते ती शेजारची एकटी म्हातारी. तेथेही खऱ्या कारणाच्या अज्ञानाची किंमत दुसरेच कुणीतरी मोजते.

केवळ ज्ञानाने सारे होते असा आमचा दावा नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो हे नॉर्वेतील गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ साली दाखवून दिले, तरी त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९४९ साली, बाबा आमटे यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभारावे लागले, कारण तोपर्यंतही तो रोग लोकांच्या लेखी पूर्वजन्मीच्या पापाचे फळच होता. पुस्तकातले कारण माणसांच्या वागण्यात उतरायला इतका काळ लागतो. तो कमी करणे हे शाळेचे काम आहे, असे आम्ही मानतो.

आपण भावना आणि विज्ञान यांत जी भिंत घातली आहे, ती आपल्या राज्यघटनेनेही घातलेली नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत आली. त्यांत प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे कर्तव्य ज्या खंडात आहे, त्याच्या लगेच पुढच्या खंडात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आहे, आणि त्याच्या जोडीला त्याच खंडात मानवतावाद, शोधकबुद्धी व सुधारणावाद आहेत. ‘कुणाला हसू नये’ हे परिपाठात सांगता येईल. पण हसण्यासारखे तेथे काही नव्हतेच, हे विज्ञानाच्या तासालाच दाखवून देता येते. पुढचे पत्र नेमके त्याविषयीचे आहे.

प्रश्न : आमच्या आठवीच्या मुलांनी बाल विज्ञान परिषदेच्या प्रकल्पासाठी गावातील सर्व पाणवठ्यांचे पाणी टीडीएस मीटरने तपासले. एका वस्तीवरच्या बोअरचे पाणी सर्वांत चांगले निघाले. परंतु त्याच वस्तीतील बहुतेक मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत, आणि वर्गात त्यांना ‘दात न घासणारे’ म्हणून चिडवले जाते. प्रकल्पाची चर्चा बाहेर गेल्यावर ग्रामपंचायतीतील काही जणांनी ‘मुलांना नसत्या भानगडी कशाला’ असे सुनावले. आता आम्ही काय करावे?
— विज्ञान शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : प्रकल्प येथे थांबवू नये. खरा प्रकल्प आता सुरू होत आहे.

प्रथम मीटरविषयी. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून पाण्यात एकंदर किती क्षार विरघळले असावेत याचा अंदाज देतो. ते क्षार कोणते आहेत, हे तो सांगू शकत नाही. जंतूंविषयी तर त्याला काहीच कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. फ्लोराइडची मर्यादा मात्र १ मिलिग्रॅम, आणि पर्याय नसल्यास फार तर दीड मिलिग्रॅम आहे. म्हणजे चारशे टीडीएसच्या, चवीला उत्तम अशा पाण्यात तीन मिलिग्रॅम फ्लोराइड असले, तरी मीटरचा आकडा ‘पाणी चांगले’ असेच सुचवणार. फ्लोराइड जास्त असलेले पाणी पुष्कळदा कॅल्शियम कमी असलेले, म्हणजे जड नसलेले असते. त्यात डाळ चांगली शिजते आणि लोक ते आवडीने पितात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत हा प्रश्न जुना आहे. पाणी खडकाच्या संपर्कात जितका जास्त काळ राहते तितके फ्लोराइड त्यात उतरण्याची शक्यता वाढते, आणि म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअर अधिक संशयास्पद ठरते.

आता दातांविषयी. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हा, म्हणजे साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, पोटात जास्त फ्लोराइड गेले तर दातांचे वरचे कवच सदोष बनते आणि दात बाहेर येतात तेच डाग घेऊन. ब्रश, राख, दंतमंजन यांतल्या कशानेही ते जाणार नाहीत. आपल्या वर्गात ज्या मुलांना अस्वच्छ ठरवण्यात आले आहे, ती कदाचित इतरांपेक्षा जास्त वेळा दात घासत असतील. डाग पडण्याची इतरही कारणे असू शकतात, म्हणून निष्कर्षाची घाई करू नये. पण संशय रास्त आहे आणि तो तपासून पाहता येतो.

तपासणी अशी व्हावी. त्या वस्तीतील मुलांना नमुना म्हणून रांगेत उभे करून त्यांचे दात पाहू नयेत. त्यांनाच संशोधक करावे. प्रत्येक कुटुंबात मुलाचे वय, आठ वर्षांचे होईपर्यंत ते कोणत्या पाणवठ्याचे पाणी पीत होते, आणि बोअर कोणत्या साली घेतली, या गोष्टींची नोंद करावी. बोअर होण्यापूर्वीच ज्यांचे दात घडून झाले होते, त्या मोठ्या भावंडांचे दात स्वच्छ आढळले, तर तो फार बोलका पुरावा ठरेल. पाण्याचा नमुना काचेच्या नव्हे, तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा, कारण फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होऊ शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये ही तपासणी होते, आणि ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नेहमीचे नमुने पाठवतात त्यांच्यासोबत हाही नमुना पाठवता येतो.

अहवाल प्रतिकूल आला, तर मुलांनी दोन गैरसमज आधी दूर करावेत. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट वाफ निघून गेल्याने त्याचे प्रमाण वाढते. आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जंतू मरतात, फ्लोराइड कमी होत नाही. उपाय म्हणून सर्वांत आधी जवळची एखादी उथळ विहीर किंवा दुसरा स्रोत तपासून पाहावा, आणि बोअरचे पाणी धुण्याभांड्यांपुरते ठेवावे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली आहे, तिचीही माहिती मुलांनी मिळवावी.

राहिला ग्रामपंचायतीच्या नाराजीचा प्रश्न. येथे आमचे मत थोडे कठोर आहे. गावाची माहिती गोळा करून ती थेट जिल्ह्याच्या व्यासपीठावर नेणे, आणि ज्यांच्याविषयी ती आहे त्यांना शेवटपर्यंत काहीच न सांगणे, ही प्रकल्पांमधली सर्रास आढळणारी उणीव आहे. १९९३ पासून देशभर होणाऱ्या बाल विज्ञान परिषदेत दहा ते सतरा वयोगटातील मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न आपल्या भाषेत मांडावेत अशी अपेक्षा असते. त्या परिसराने तो ऐकावा हेही त्यातच आले. म्हणून निष्कर्ष सर्वप्रथम वस्तीतील पालकांना, मग सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना, आणि त्यानंतरच परीक्षकांना सांगावेत. ग्रामसभेत मुलांनी आकडे वाचून दाखवावेत. मागणी मात्र मोठ्या माणसांनी करावी. मूल तक्रारदार म्हणून उभे राहिले की गावातील जुनी भांडणे त्याच्या डोक्यावर येतात, आणि त्याची झळ त्याच्या घराला बसते. शिक्षिका म्हणून हे ओझे आपण स्वतःकडे घ्यावे.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे आणि होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रकल्पाच्या टप्प्यापर्यंत पोहोचली आहे. तयारी करून घेणारे क्लास प्रकल्प जवळजवळ तयार करूनच देतात. तिचा विषय कचरा व्यवस्थापन असा आहे. इतर पालक तयार प्रकल्प घेत असताना आम्ही घेतला नाही, तर तिचे नुकसान होणार नाही का?
— पालक, डोंबिवली

उत्तर : गुणांचे कदाचित होईल. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ पासून चालवलेल्या या स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृतिसंशोधन ठेवले आहे, ते मुलाने स्वतः काही करून पाहावे म्हणूनच. ते विकत घेतले, तर मुलगी एवढेच शिकेल की इतरांची अडचण हा चांगले गुण मिळवून देणारा एक विषय असतो. हा धडा पुढे फार काळ टिकतो.

आम्ही सुचवतो तो प्रकल्प अगदी लहान आहे. आपल्या इमारतीचा कचरा रोज कोण नेते, हे मुलीला ठाऊक आहे का ते विचारावे. त्या ताईंची किंवा दादांची परवानगी घेऊन, त्यांच्या वेळेला अडथळा न आणता, एका महिन्यात कचऱ्यात उघडी काच, ब्लेड, इंजेक्शनच्या सुया आणि न गुंडाळलेले सॅनिटरी नॅपकिन किती वेळा आले, याची नोंद तिने ठेवावी. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे, तसेच सॅनिटरी कचरा गुंडाळून देणे ही घराची जबाबदारी असल्याचे २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितले होते. तेव्हा आपल्या मजल्यावर ते किती पाळले जाते हे मोजणे सोपे आहे. नंतर काच लाल कागदात गुंडाळून देण्यासारखी एखादी साधी पद्धत सुरू करून पुढच्या महिन्यात पुन्हा मोजावे. आकडे कमी झाले नाहीत, तर तेही जसेच्या तसे लिहावे. मोजणीत पहिले नाव स्वतःच्या घराचे असावे, ही आमची एकच अट.

प्रश्न : मी नववीत शिकते. मागच्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एका काकूंना रात्री झोपेत साप चावला. त्यांना आधी मांत्रिकाकडे नेले आणि मग दवाखान्यात न्यायला उशीर झाला. मला सर्पदंशावर प्रकल्प करायचा आहे, पण घरचे म्हणतात की त्यामुळे त्या घराशी आणि मांत्रिकाशीही वैर येईल. मी काय करू?
— विद्यार्थिनी, रायगड जिल्हा

उत्तर : तुझ्या घरच्यांची भीती अनाठायी नाही, पण तुझा विषयही सोडून देण्यासारखा नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि ती बहुतेक खेड्यांतली, शेतावर राबणारी किंवा जमिनीवर झोपणारी माणसे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले, याचे कारण तेच.

सुरुवात एका अवघड प्रश्नाने कर. शहाणीसुरती माणसे मांत्रिकाकडे का जातात? त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आपल्याकडे चावणाऱ्या सापांपैकी बरेचसे बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्या रुग्णांपैकी पुष्कळ जण काही न करताही बरे झालेच असते. लोकांनी ते बरे झालेले रुग्ण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असतात, आणि त्यावरून त्यांनी अनुमान काढलेले असते. अनुमान चुकीचे असले तरी ते अनुभवावर आधारलेले आहे, आणि म्हणून ते आणखी अनुभव दाखवूनच बदलेल. टिंगल करून बदलणार नाही.

महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांचा उपचार करणे हा गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. तुला हा कायदा माहीत असावा. पण प्रकल्पाचे पहिले पान त्याने सुरू करू नकोस.

तुझ्या प्रकल्पाचा विषय ‘उशीर कुठे होतो’ असा ठेवावा, असे आम्हाला वाटते. वाडीपासून प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर आहे, तेथे सर्पविषावरची लस असते का, रात्री कोणाकडे गाडी असते, पावसात कोणता ओढा आडवा येतो, मोबाइलला कुठे रेंज मिळते, १०८ ची रुग्णवाहिका यायला किती वेळ लागतो, या सगळ्याचा एक नकाशा तू शिक्षकांच्या मदतीने तयार करू शकतेस. काकूंच्या घरी जायचे असेल तर आधी परवानगी घे, मोठ्या माणसाला सोबत ने, आणि ‘तुम्ही मांत्रिकाकडे का नेलेत?’ असे कधीही विचारू नकोस. ‘त्या रात्री गाडी मिळाली असती का?’ असे विचार. पहिल्या प्रश्नात आरोप आहे. दुसऱ्याचे उत्तर ऐकताना कदाचित तुला कळेल की त्या घराने केले ते दुसरा मार्ग दिसत नव्हता म्हणून केले. मांत्रिकाचीही भेट घेता आली तर घे. रुग्ण आला की मंत्र म्हणण्याआधी त्याला दवाखान्यात पाठवून द्या, अशी विनंती त्याला तूच नव्हे, तर गावातील आशा ताई करू शकतील.

शास्त्रीय भाग म्हणून हे वाच. माणसाला घातक ठरणारे मुख्य चार साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि दंश इतका कमी दुखतो की कित्येकांना तो कळतही नाही. सकाळी पोटात दुखते, पापण्या जड होतात. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घेणे हा त्यावरचा स्वस्त आणि उत्तम उपाय आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. त्यासाठी दवाखान्यात काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवतात. त्या वेळात गोठले नाही तर डॉक्टर सावध होतात. चावलेल्या जागी कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. हात-पाय हलू न देता लवकरात लवकर दवाखाना गाठावा. सापाला पकडायला किंवा त्याचा फोटो काढायला थांबू नये.

तुझ्याच जिल्ह्यातले एक उदाहरण सांगतो. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने तडफडणाऱ्या रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. दंशानंतर हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्या नोंदींवरून स्पष्ट होत गेले, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध अशा रुग्णांना वाचवते, हे त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. मोठे यंत्र त्यांच्याजवळ नव्हते. रुग्णापाशी थांबण्याची तयारी आणि नोंदवही होती.

प्रश्न : आमच्या शाळेत आरोग्य पथकाने मुलींचे हिमोग्लोबिन तपासले. विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांनी उत्साहाने सर्वांचे आकडे नावांसह फलकावर लावले आणि कमी आकड्यांभोवती लाल वर्तुळे काढली. दोन मुलींनी त्यानंतर शाळेत येणे बंद केले. उपक्रम बंद करावा का?
— शिक्षक, नाशिक जिल्हा

उत्तर : उपक्रम चालू ठेवावा, फलक आजच काढावा, आणि त्या दोन मुलींच्या घरी आपण स्वतः जावे. ते आधी, पुढचे सर्व नंतर.

आरोग्याची माहिती ज्याची त्याची असते. विज्ञान मंडळाच्या मुलांनी हे मुद्दाम केले नसणार. आलेखावर नावे लिहायची नसतात हे त्यांना कुणी शिकवलेलेच नाही. आपण प्रयोगशाळेतल्या आम्लापासून सांभाळून राहायला शिकवतो, तितक्याच गांभीर्याने आकड्यांनी होणाऱ्या इजेविषयीही शिकवले पाहिजे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मुलगी केवळ वाहक आहे एवढे कळले तरी काही ठिकाणी तिचे लग्न अडते, आणि वाहक असलेल्या मुलाविषयी मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

नावे वगळून केलेला अभ्यास मात्र फार मोलाचा ठरू शकतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गात ज्या मुलीला आळशी, झोपाळू, ‘लक्ष नसलेली’ म्हटले जाते, तिच्या रक्तातच प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य अपुरे असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे. विज्ञान मंडळाने शोधावे ते असे : आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मुली खरोखर घेतात का, की मळमळते म्हणून टाकून देतात, ती जेवणानंतर घेतली जाते का, जेवणासोबत चहा घेण्याची सवय किती जणींना आहे, कारण चहामुळे लोह शोषले जाण्यात अडथळा येतो, आणि घरात शेवटी कोण जेवते. शेवटचा प्रश्न मुलग्यांनी आपापल्या घरी विचारावा. सुई टोचण्याचे काम कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्यांनी करू नये; ते आरोग्य कर्मचाऱ्यांचे आहे.

प्रश्न : आमची दोन शिक्षकी शाळा आहे. प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही, अनुदान नाही. मोठ्या शाळांसाठी हे सर्व ठीक आहे. आम्ही काय करावे?
— शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : आपली अडचण खरी आहे, तरी या देशातले काही उत्तम विज्ञानशिक्षण नेमके अशाच शाळांमधून उभे राहिले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा सरकारी शाळांमध्ये सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम तीस वर्षे चालला. त्यात मुले पाठ्यपुस्तक वाचण्याऐवजी प्रयोग करीत, परीक्षेत पुस्तक उघडून बसत, आणि शेतातले किंवा घरातले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक व्यक्तीला पत्राने विचारीत; उत्तर टपालाने घरी येई. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून भूमितीचे आकार बनवण्याची अरविंद गुप्ता यांची कल्पना तिथलीच. हा कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला, ही त्यातली खेदाची बाजू.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण शिरूर तालुक्यातील पाबळचे आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतील मुलांनी शिकता शिकता गावाला लागणाऱ्या सेवा द्याव्यात, माती तपासावी, वेल्डिंग करावे, जमिनीचा विद्युतरोध मोजून पाण्याचा अंदाज घ्यावा, अशी त्यांची रीत होती. गावाला उपयोग झाला की गाव शाळेकडे निराळ्या नजरेने पाहू लागते, आणि साहित्याचा प्रश्नही थोडा हलका होतो.

एक काम आपण याच आठवड्यात सुरू करू शकता. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दाईंनाही बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी आहेत; दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, इतकेच. आपल्या मुलांनी दोन लहान बाटल्या तोंडाला तोंड लावून, मध्ये भोक पाडलेले झाकण बसवून, चाळलेल्या कोरड्या वाळूचे घड्याळ करावे, मोबाइलशी ताडून ते बरोबर एक मिनिटावर आणावे, आणि घरातल्या लहान भावंडाचा श्वास ते शांत झोपलेले असताना मोजायला शिकावे. एका मिनिटात दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर एकदा पुन्हा मोजून आशा ताईंना कळवावे. बाळ कण्हत असेल, दूध पीत नसेल किंवा श्वास घेताना त्याच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर मोजत बसू नये. थेट दवाखाना गाठावा.